गुलाबी खडूची चाल

सोम., ३ डिसें. १९७३
पुन्हा तेच! दुसऱ्या कडव्याला गुलाबी पोरी पांढऱ्यांच्या चालीवर जाऊन बसल्या. फळ्यावर वरची चाल पांढऱ्या खडूने लिहिते, खालची गुलाबीने, म्हणून पोरींनीच ही नावं पाडलीत. पांढऱ्या बावीस, गुलाबी सात. दोन्ही चाली मिळून, शेवटपर्यंत, अजून एकदाही ऐकलेल्या नाहीत. गाणं माझं, आणि ते कसं लागतं ते मलाच माहीत नाही. काय म्हणावं!

मोठ्या बाई दारात. "निम्म्या मुली चुकतायत हो तुमच्या." चुकत नाहीत, दुसरी चाल आहे, म्हटलं. "बघा बाई. गॅदरिंगला गोंधळ झाला तर पुढे आपलं सगळ्यांनी एका सुरात."

गुरु., ६ डिसें.
पेटी बंद. माझीच अक्कल! पेटीवर मी कायम वरची चाल वाजवणार, मग गुलाबी बिचाऱ्या तिच्यामागे जाणारच. आजपासून सुरुवातीला नुसता सा द्यायचा.

यमुनाला गुलाबींच्या मध्ये घेतली. अकोले तालुक्यातली, बोर्डिंगात राहते, आवाज जाड, खणखणीत. चाल कशी गं धरून ठेवतेस, विचारलं. "त्यात काय बाई. रानात आई हाका मारती, गुरं हंबरत्यात, तरी आपलं गानं आपुन सोडतो का?"

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणतात, "शाळेत एवढ्या भांडता, गाण्यात तरी एकी होऊ दे की." नागापूरला कारखान्यात मशीनच्या खडखडाटात आठ तास काढणाऱ्या माणसाला काय सांगायचं!

बुध., १२ डिसें.
आज दोन कडवी दोन्ही चाली टिकल्या!! तिसऱ्याला कुसुम अडकली नि सगळ्या खिदळल्या. कुसुम डॉक्टरांची, पांढऱ्यांची पुढारी. गळा गोड, पण दर ओळीला माझ्या तोंडाकडे बघते.

मो. बाई म्हणाल्या, ती यमुना 'ऊन कोवळं' ऐवजी 'कवळं' म्हणते, मागे उभी करा तिला. मधेच राहील, म्हटलं. कुठून आला एवढा धीर कोण जाणे.

रवि., १६ डिसें.
काल गॅदरिंग. काल लिहवलं नाही.

दुसरं कडवं सुरू झालं आणि माइक किंचाळला. कुसुम दचकून थांबली, तोंडावर हात. तिच्यामागे बाकीच्या एकवीसही गप्प. माझा हात वरच राहिला. संपलं, वाटलं. आणि गुलाबी थांबल्याच नाहीत! सात पोरी, 'कवळं'सकट, थेट शेवटापर्यंत. ही खालची चाल आहे हे कुणाच्या गावीही नाही. टाळ्या.

पाहुणे म्हणाले, चाल साधी, गोड. मग, "बाकीच्या मुली शोभेला होत्या का?" सगळे हसले. मीही हसले. लाज वाटते त्याची. कुसुम पडद्यामागे रडत होती, तिला डॉक्टर स्कूटरवरून घेऊन गेले.

बुध., १९ डिसें.
मो. बाई खूश. २६ जानेवारीला हेच गाणं, पण सगळ्यांनी गुलाबी चाल, पेटीवर. "एका सुरात किती छान लागलं, बघा!" मी हो म्हणाले. भित्री कुठली.

कुसुम सोमवारपासून शाळेत नाही.

यमुनाला सांगितलं, आता सगळ्या तुमची चाल म्हणणार. वाटलं, खुलेल. "मंग पांढरी कोन म्हननार?" कोणी नाही. "आमची एकटी रिकामी लागती बाई. त्या दिशी मला लई भ्या वाटलं. बाजूला कुनीच न्हाई." आणि मी मनात तो विजय म्हणून धरून बसले होते.

शुक्र., २१ डिसें.
कुसुम आली. यमुना दोनदा तिच्या घरी जाऊन बसली होती म्हणे. पण गाण्याच्या तासाला कुसुम आली नाही.

मधल्या सुट्टीत डस्टर धुवायला टाकीवर गेले. टाकीमागे दोघी. यमुना सांगत होती, "माझ्याकडं बघू नगं. बाईंकडं बी नगं. भितीकडं बघ." कुसुम भिंतीकडे तोंड करून गायला लागली, यमुना तिच्या पाठीमागून खालची. एक कडवं. दोन. मी तिथेच, ओलं डस्टर हातात. तिसरं. शेवटच्या ओळीला पांढरी वर जाते आणि गुलाबी जागेवरच राहते, तिथे तीन महिने मला शंका होती की हे विचित्र लागेल.

नाही लागत. बरोबर आहे! अगदी बरोबर आहे. रडू आलं.

वळले तर मो. बाई व्हरांड्यात, चष्मा काढून हातात. कधीपासून उभ्या होत्या, देव जाणे.
"काय म्हणत होत्या त्या?"
"२६ जानेवारीचं गाणं."
"दोन्ही चाली?"
हो, म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसला. "उद्या ऑफिसात या."

परवाचा 'हो' परत घ्यायचा आहे. आजचा नाही घेणार, मग काहीही होवो.