शिष्टमंडळातला बहिरा

ता. ४ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

कानाचं मशीन पाठवून महिना झाला, तुम्ही चकार शब्द काढत नाही. आई म्हणते, ते कपाटात पडून आहे, कारण कुलूप उत्पादक संघानं तुम्हाला ते लावू नका अशी गळ घातली आहे. संघाच्या शिष्टमंडळात तुम्ही असलात की, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मंत्र्यांना आश्वासन ओरडून द्यावं लागतं, बाहेर बसलेले सगळे साक्षीदार होतात आणि मग शब्द फिरवता येत नाही म्हणे. बाबा, संघाच्या सोयीसाठी कोणी बहिरं राहतं का?

या खेपेला तर प्रश्न आपलाच आहे. प्रत्येक कुलूप राजधानीत तपासून आणायचा नियम झाला, तर आपल्यासारख्या छोट्या कारखान्यांनाच टाळं लागेल. निदान काय बोलणं होतं ते नीट ऐका.

राग आला तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
ताई

ता. १९ जानेवारी

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून राग आला, म्हणजे तुझं बरोबर होतं. मंत्र्यांकडे गेलो तेव्हा मशीन लावलं होतं. वर कानटोपी, त्यामुळे कुणाला दिसलं नाही.

मंत्र्यांनी नेहमीसारखं ओरडून सांगितलं की छोट्यांना नियमातून सवलत मिळेल. मी मान डोलावली. मग आमचे अध्यक्ष, ज्यांचा कारखाना आपल्या वीसपट, मंत्र्यांकडे झुकून हळूच म्हणाले की म्हाताऱ्याचं समाधान झालं, आता आदेशात सवलतीची ओळ नसली तरी चालेल. इतकी वर्षं मला मानानं गाडीत पुढे का बसवत होते, ते तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं गं.

पण बहिऱ्यानं पुन्हा पुन्हा विचारलं तरी कोणी रागावत नाही. मी म्हटलं, ऐकू आलं नाही, लिहून दिलंत तर बरं. मंत्री पुन्हा ओरडले, मी पुन्हा कानामागे हात नेला. शेवटी बाहेरच्या लोकांनीच दारातून गलका केला की अहो, द्या की त्यांना लिहून. मंत्र्यांनी तिथल्या तिथे ओळ घालून सही केली. कारखाना वाचला. तुझी आई दोन दिवस माझ्याशी गोड बोलते आहे, आणि तेही ऐकू येतंय.

आता संघाची निवडणूक आहे. छोट्यांनी अध्यक्षपदाला माझं नाव सुचवलं, तर मोठ्यांनीही लगेच पाठिंबा दिला. याला काही ऐकू येत नाही, बरा आहे, असं ते माझ्या शेजारी बसूनच एकमेकांना सांगत होते. तेव्हा मशीनचं कुणाजवळ बोलू नकोस.

माया आहेच, ती असू दे.

तुझा, मतमोजणीपर्यंत बहिरा,
बाबा