रांगेची तालीम

नाशिक रोड,
रविवार, २३ जून १९८५

चि. पुंजाराम यास,

सप्रेम जय भीम. शनिवार, २२ जून, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. कॉलेजच्या कचेरीवरच्या घड्याळात मी वेळ पाहून ठेवली आहे. त्या वेळी तू माझ्या अकरा विद्यार्थ्यांदेखत आपल्या विमलला हाताला धरून रांगेतून बाहेर काढलंस आणि म्हणालास, "आक्का, खेळ पुरे. पोरीचं टायपिंगचं ठरलंय." तुझा गुडघा कसा आहे? (काल तरी ठणठणीत दिसला.) माझ्या भावजयीचा, लंकाचा, खोकला गेला असेल अशी आशा करते.

खेळ! तारखात्यातून निवृत्त झाल्यावर मी स्वेटर विणत बसले असते तर तुम्हा सगळ्यांची सोय झाली असती. त्याऐवजी मी दर रविवारी समाजमंदिरात वस्तीतल्या आठवी-नववीच्या मुलांना पुढची तयारी शिकवते. काय शिकलं की ओझरच्या कारखान्यात घेतात, पोस्टात खातं कसं उघडतात, खाऊच्या पैशातले किती त्यात टाकावेत, दाखल्याच्या प्रतीवर कुणाची सही चालते. आणि रांग. टेबल आडवं लावून मी खिडकीमागची क्लार्क होते. फोटो भाताच्या शितांनी चिकटवला असेल तर फॉर्म परत. "उद्या या" म्हटल्यावर मुकाट्याने वळतो तो नापास. "कोणता कागद कमी आहे ते लिहून द्या साहेब" म्हणतो तो पास. मी जेवणाच्या सुट्टीची पाटी लावली तेव्हा भिकन रडला, पण जागचा हलला नाही. शनिवारी त्यांना खरी रांग दाखवायला नेलं, तर खरा क्लार्क इतका मऊ निघाला की मुलं हिरमुसली. चंदरने त्याला तोंडावर सांगितलं, "आमच्या मॅडम तुमच्याहून लय कडक हायेत." (मला बरं वाटलं. कबूल करायला लाज कसली?)

तुला हा खेळ वाटतो, कारण मी मॅट्रिक झाले तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. आबा देवळालीला कॉन्व्हेंटच्या बागेत कामाला, म्हणून मला तिथे शिकायला मिळालं. सिस्टरांनी मला काट्या-चमच्याने जेवायला शिकवलं, पण कॉलेजात रांग लावावी लागते हे कुणी सांगितलं नाही. मॅट्रिकनंतर मी आणि आबा कॉलेजच्या आवारात चिंचेखाली जाऊन बसलो. आबांनी नवं धोतर नेसलं होतं. बागेत पगाराला नाव पुकारत, तसा इथेही शिपाई येऊन पुकारेल, अशी त्यांची खात्री. आम्ही आईने बांधून दिलेल्या भाकरी खाल्ल्या. मी त्यांना इंग्रजी कविता म्हणून दाखवल्या. एक शब्द न कळता ते मान डोलावत होते. किती छान दिवस होता, पुंजा! चार वाजता खिडकी बंद झाली आणि माझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी आबा उजाडायच्या आत चालत गेले आणि फाटक उघडायच्या आधीच एकटे रांग लावून उभे राहिले. कुणी विचारलं, कसली रांग, की म्हणायचे, "आमच्या मालनची."

विमलला दहावीला एकाहत्तर टक्के आहेत. टायपिंगला मी नावं ठेवत नाही. मीही अनेक वर्षं मशीन बडवलं. पण तिला तुझ्याच एकलहऱ्याच्या वीज केंद्रात इंजिनीयर व्हायचं आहे. हे ती मला सांगते, तुला सांगायला घाबरते. बापाने याचा विचार करावा.

गुरुवार, २७ जून, दुपारी चारच्या आत मला लेखी उत्तर हवं. तोंडी निरोप घेतला जाणार नाही.

तुझी मोठी बहीण,
मालन

ता.क. उत्तर लांबलचक नको. सोबत पालकाचं संमतीपत्र आहे, पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर.

ता.क. आणखी एक. तू तिला ओढून काढलंस ती रांग मुलांना दाखवण्यापुरती होती. विमलची खरी रांग सव्वादहालाच संपली. फॉर्म आत गेला, फी मी भरली. अडलंय ते तुझ्या सहीपाशी. तुझी सही मला हुबेहूब करता येते, पण ती बाबांनीच करावी, असं विमल म्हणते.