घुबडाला पोर्तुगीजमध्ये काय म्हणायचं

९ जानेवारी २०१७, लातूर

सकाळची विचारपूस झाली. बायको आबेदाचे गुडघे — थंडीनं कुरकुरतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी, क्लाससाठी आलेली शिवांगी — सर्दी, तरी पहाटेपासून घोकून राहिली. पाहुणी रीता — पोट ढवळतंय. ठेचा तिनंच मागून खाल्ला होता. मी — डोळ्याला जाड चष्मा, पण सुई अजून ओवतो.

रीता लिस्बनची. जन्म मात्र इथला, औशाकडचा. भूकंपात सारं घर गेलं, हीच तेवढी सापडली, तीन वर्षांची. तिकडच्या जोडप्यानं दत्तक नेलं. मी तरुणपणी मडगावात फिरंगी साहेबांचे कोट शिवायचो. त्यांची पोर्तुगीज कानानं उचलली, पुढं जुन्या डिक्शनरीवर पक्की केली. म्हणून कुणीतरी तिला माझा पत्ता दिला.

मराठीचा एकच शब्द तिच्याजवळ उरलाय. आज विचारलं, "घुबड म्हणजे काय? आई मला तेच म्हणायची."

"एक पक्षी," म्हणालो आणि चहा मागवला.

१० जानेवारी

सुटका नाही. कुठला पक्षी? सांगितलं — कोरूजा. पोरगी हरखलीच. त्यांच्यात लेकरावर जीव टाकणाऱ्या आईला 'कोरूजा आई' म्हणतात म्हणे. "म्हणजे मी तिला आवडायचे?" मी मान हलवली.

आपल्याकडचं बोललो नाही. घुबड बसलं की घर ओस पडतं. आणि हिचं तर खरंच पडलं.

आबेदा म्हणाली, "तुमी दर्जी हाव म्हणून अर्थालाबी कात्री लावली काय?"

११ जानेवारी

 तिची एक आत्या दुसऱ्या गावी दिलेली म्हणून भूकंपातून वाचली; उद्या तिच्याकडं जायचंय. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा मीच आपल्याकडचा अर्थ सांगून टाकला.  तिनं एवढंच विचारलं — "असं असून ती मला तसं का म्हणायची?"



१२ जानेवारी

आत्या सरजाबाई दारातच म्हणाली, "घुबडे, आलीस व्हय गं?" रीताचा चेहरा पडला. मी म्हणालो, लेकराला असलं नाव ठेवतात काय, बाई?

"हिच्या आदी वैनीची तीन लेकरं गेली, खाजामियाँभाऊ. म्हनून वैनीनंच ठेवलं. वंगाळ नाव असलं की मरन ढुंकून बघत न्हाई. सारखी हाका मारायची — मरनाला ऐकू जावं म्हनून."

धोंडू, दगडू, उकिरडा — कितीजणांची मापं घेतली मी जन्मभर, आणि हे सुचलं नाही!

पोर्तुगीजमध्ये कसं सांगावं? म्हणालो, भरजरी कापडाला नजर लागू नये म्हणून आम्ही ते फाटक्या धोतरात गुंडाळून ठेवतो. तू ते कापड.

 ती म्हणाली, आत्याला सांगा, परत हाक मार. सरजाबाई हाका मारतच राहिली.

१५ जानेवारी

रीता गेली. घर मोठं झालं.

२ ऑगस्ट

लिस्बनहून फोन. रीताला मुलगी झाली. आधीची दोन पोटातच गेली होती, हे आज सांगितलं. म्हणजे जानेवारीत पोट ढवळलं त्यात दोष ठेच्याचा नव्हता. कागदावर नाव मारिया. घरात हाक मारतात — घुबडे.

आबेदानं लगेच पत्र लिहायला बसवलं. घुबडी कशी आहे? दूध पिते का? रात्री झोपू देते का? लवकर लिही.