बशीत न उगवलेलं

मुंबई, २० एप्रिल १९८६

ती. स्व. व्यंकटदादांस,
बन्सीधरचा शि. सा. न. वि. वि.

सुमनवहिनींच्या पोटातल्या गाठीनं दोन्ही औषधांना दाद दिली नाही. आता डॉक्टरांनी नवीच तऱ्हा काढली आहे. गाठीचा तुकडा काचेच्या बशीत वाढवायचा, त्यावर निरनिराळी औषधं घालून पाहायची आणि ज्यानं तो मरेल तेच वहिनींना द्यायचं. वहिनी लगेच म्हणाल्या, पेरणीआधी आमी सरकी ओल्या फडक्यात बांधून उगवण बघतो, तसंच हाय की. डॉक्टरसुद्धा हसले. लय दिवसांनी मला जेवण गोड लागलं.

दैवशालेला सांगा, तिची आई इथं खाटेवरूनही रोज तिच्या लग्नाचं काढते. या धाकट्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपला,
बन्सीधर


जिंतूर, ९ मे १९८६

चि. बन्सीधर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्ड पोचलं. तुकडा बशीत उगवलाच नाही, एवढीच ओळ! मास्तर झालास, पण आनंदाची बातमी लिहायची अक्कल आली नाही. अरे, बीच मेलं तर पुढं उगवणार काय? देव तारी त्याला कोण मारी. काल पोखर्णीला नरसिंहापुढं नारळ फोडला, गल्लीभर साखर वाटली. पोर आईच्या फिकिरीनं वाळली होती, ती हसली.

आईवाचून मांडव घालायचा नाही म्हणून सोयऱ्यांना थांबवलं होतं. त्यांना तुळशीच्या लग्नानंतरची तारीख कळवली. तोवर सुमन धडधाकट होईल. तिला म्हणावं, विहिणीशी भांडायची तयारी ठेव. कधी येता ते उलटटपाली कळव.

तुझा दादा,
व्यंकटराव


मुंबई, १४ मे १९८६

ती. स्व. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

चूक माझी. कार्डावर पुढचं लिहवलं नाही. दादा, गाठ मेलेली नाही. अंगाबाहेर तुकडा पुष्कळदा जगतच नाही म्हणतात. तो वाढला नाही, म्हणून एकही औषध त्यावर पाहता आलं नाही. वहिनींचं पोट पुन्हा पाण्यानं भरलं आहे. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं.

तुमचं पत्र वहिनींना वाचून दाखवताना साखरेची ओळ मी गाळू पाहिली, ती त्यांनी वाचायला लावली. त्यांना सगळं आधीच उमगलं होतं. म्हणाल्या, फडक्यात सरकी उगवती, तण न्हाई. तणाला रानच लागतंय.

आम्ही रविवारी परभणीला उतरून एसटीनं जिंतूरला येऊ. स्टँडवर बैलगाडी आणा, तिच्यात कडबा जाड अंथरा. वहिनींनी एवढंच मागितलं आहे, की साखर चुकून वाटली असं कुणाला बोलू नका, आणि सोयऱ्यांना सांगा, तुळशीपर्यंत नको, लग्न याच महिन्यात उरका.

रागावलात तरी लोभ सोडू नका.

आपला,
बन्सीधर