अळणी सोमवार आणि मिठाचा पाठ

सोमवार, १ ऑगस्ट १९२७
आजपासून काळजी बंद. इन्स्पेक्शन अठरा तारखेला, गुरुवारी. डेप्युटीसाहेब माझा एक पाठ पाहणार आणि मला नोकरीत कायम करणार. न केलं तर परत होटगीला, अण्णांच्या घरी. अण्णांनी रेल्वेच्या चाळीत सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमची पोरगी मास्तरीण झाली. आमच्या घरात याआधी कुणी पाटीसुद्धा हातात धरली नव्हती.
तानाआत्या म्हणाली, "श्रावणातले सोमवार अळणी धर. मीठ तोंडात घालू नगं. नोकरी पक्की हुतीया का न्हाय बघ." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. धरले. मनाला शिस्त लागते.

गुरुवार, ४ ऑगस्ट
टाचण तयार. विषय: वितळणे व विरघळणे. मेण तापवायचं, ते वितळतं. मीठ पाण्यात टाकायचं, ते विरघळतं. मिठाचे कण पाण्याच्या कणांत पांगतात. दिसत नाहीत, पण असतात. पुरावा: मुलींनी पाणी चाखून पाहणे. हेडबाईंकडे टाचण दिलं.
आत्यालाही समजावलं. ती म्हणाली, "वितळलं काय न् विरघळलं काय, आमटीत पडलं म्हंजे झालं." तिच्याकडे लक्ष दिलं नाही. थोडा वेळ वाईट वाटलं.

सोमवार, ८ ऑगस्ट
डबा का आणला नाही, असं वर्गात मुलींनी विचारलं. अळणी सोमवार आणि संयमाचं महत्त्व सांगितलं. नोकरीचाही उल्लेख आला, ओघात. रुक्सानाने डोळे पुसले. वर्गावर माझी छाप पडते आहे.

रविवार, १४ ऑगस्ट
पाण्याचे कण क्षणभरही स्थिर नसतात, असं पुस्तकात आहे. मी मात्र अगदी शांत. मेण जागेवर आहे ना, एवढं पाहायला अधूनमधून उठले. स्पिरिटचा दिवा पुसला. पुन्हा पुसला. आत्या म्हणाली, "आता त्याची कातडी निघंल."

बुधवार, १७ ऑगस्ट
डेप्युटीसाहेबांना ताप. इन्स्पेक्शन बावीसला. चांगलंच झालं, तयारीला वेळ मिळाला.
कॅलेंडर पाहिलं. सोमवार.

शनिवार, २० ऑगस्ट
मिठाऐवजी साखर घ्यावी का? पण टाचणात मीठ लिहून दिलंय. लिहिलेलं मागाहून बदलणं अप्रामाणिकपणाचं. शिवाय चाखायचं मुलींनी, मी नव्हे. अडचण सुटली.
झोप येत नाही. उकाडा आहे.

सोमवार, २२ ऑगस्ट, सकाळी
भीती अजिबात नाही. लुगडं उलटं नेसले होते, आत्याने वेळेवर सांगितलं.

सोमवार, संध्याकाळी
मेण छान वितळलं. मीठ छान विरघळलं. साहेबांनी विचारलं, मीठ गेलं कुठं? मी म्हणाले, पाण्यातच आहे, मुली चाखून सांगतील.
एकही हात वर आला नाही. शेवटी पहिल्या बाकावरची राजाबाई उठली. म्हणाली, "बाई, आमी समद्यांनी अळणी सोमवार धरलाय की. तुमची नोकरी ऱ्हावी म्हणून."
मी रुक्सानाकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी बी धरलाय, बाई. आमच्यात रोजे असत्यात, मला जमतं."
साहेब म्हणाले, मग बाई, तुम्हीच चाखा. पेला ओठांपर्यंत नेला. खाली ठेवला.
मग मीठ आहे याला पुरावा काय, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणाले, साहेब, मी स्वतः टाकलंय. सगळा वर्ग म्हणाला, "व्हय साहेब, आमी बघितलंय."
साहेबांनी दिव्याकडे बोट केलं. अजून जळत होता. म्हणाले, पाणी आटवून दाखवता आलं असतं.
शेरा: तूर्त कायम करू नये.
घरी आल्या आल्या, शाळेतून बाटलीत आणलेलं तेच पाणी आटवायला ठेवलं. मन शांतच होतं, फक्त खात्री करून घ्यायची होती. तळाशी पांढरा थर उरला. पण पांढरं दिसलं म्हणजे मीठच, असं कसं म्हणायचं? बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट.
उपास सोडायला अळणी भात घेऊन आत्या दारात उभी होती. म्हणाली, "काय चाटतीस गं?"