जर्मनचा टोप

९ एप्रिल १९८४
रघू मे महिन्यात रजेवर येतोय म्हणे. आनंद सावित्रीला, भाऊ तिचा आहे. मूळ दाभोळचा, बोटीवर इंजिनाला तेल पाजतो आणि स्वतःला कॅप्टन समजतो. गेल्या खेपेला परदेशी बिअरचे डबे आणले होते. पहिल्या घोटाला मी नुसतं ‘कडवट आहे’ म्हणालो, तर सगळ्या सासुरवाडीसमोर म्हणाला, “भावोजी, तुमी कोकमाचं सरबतच घ्या.” सगळे हसले. सावित्रीसुद्धा.
निश्चय: यंदा घरी केलेली बिअर त्याला पाजायची. माझ्या हातची. त्याने मान्य करायचं, सगळ्यांसमोर.

११ एप्रिल
त्यानेच टाकून दिलेल्या इंग्रजी मासिकात कृती सापडली. त्याने फक्त चित्रं पाहिली असणार. मुख्य प्रश्न भांड्याचा: ॲल्युमिनियम की स्टेनलेस स्टील? लेखकाने चार पानं दोन्ही बाजू मांडून निर्णय वाचकावर सोडलाय. या साहेबांना ठरवता काही येत नाही, म्हणून तर हिंदुस्थान सोडून गेले.

१३ एप्रिल
ऑफिसात टायपिस्ट आप्पाचं मत विचारलं. म्हणाला, कशातही कर, बोभाटा करू नको. जन्मभर टाइपरायटर बडवला की माणसाचं असं होतं.

१६ एप्रिल
घरात स्टीलचा मोठा टोप आहे. आयता. पण कडेला नाव घातलंय: ‘सौ. ताईस, रघूकडून, पहिला पगार.’ रघूच्या टोपात बिअर करून रघूलाच पाजायची? अर्धं श्रेय त्याचं. स्टील बाद. निर्णय पूर्णपणे शास्त्रीय आहे. ॲल्युमिनियम लवकर तापतं.

१९ एप्रिल
राम आळीतून ॲल्युमिनियमचा टोप आणला. इथे त्याला सगळे ‘जर्मन’ म्हणतात. अडाणीपणाला सीमा नाही. दुकानदार सखाराम स्टीलच घ्या म्हणून मागे लागला होता. शेवटी नाव काय घालू म्हणाला. सांगितलं: ‘रा. ज. शिवलकर, बी.कॉम.’ बी.कॉम. कशाला, म्हणतो. टिंबं विसरू नकोस, म्हटलं.
घरी सावित्री म्हणाली, “जर्मनात आंबट ठेवू नका हां, काळं पडतं.” म्हटलं, बिअर आणि आमसुलाचं सार यांत फरक असतो. ती भाकऱ्या थापायला गेली. पटलं असावं.

२३ एप्रिल
जवाला मोड आले. शेजारच्या गोदूबाईंनी उसळ कधी करणार म्हणून विचारलं. जव आत नेऊन ठेवले.
हॉप्स नावाची कडू फुलं लागतात. रत्नागिरीत मिळत नाहीत. रत्नागिरीत मिळतं काय? कडूच हवं ना, मग काढ्यातलं काडेकिराईत घालू. हे त्या मासिकवाल्याला सुचलं नसतं.

२६ एप्रिल
टोप चिंच लावून आरशासारखा लख्ख घासला. रसायन उकळलं. घरभर वास. सावित्रीने येऊन माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. निवल्यावर बेकरीतून आणलेलं यीस्ट घातलं. मासिकात आता काचेच्या बरणीत ओता म्हणून लिहिलंय. साहेबी थेरं. त्याच टोपात ठेवलं, वर फडकं बांधलं.

३० एप्रिल
फेस आला. रघू संपला.

४ मे
रंग राखाडी झालाय. काही देशांत काळी बिअरच उत्तम मानतात. चव नाणं चोखल्यासारखी. मुरेल. टोपही आतून काळवंडलाय. सावित्रीने डोकावून पाहिलं आणि फडकं परत घट्ट बांधलं. तीही जपायला लागली.

८ मे
रघू आला. सासूबाई आल्या, गोदूबाई बोलावल्याशिवाय आल्या. मी सगळ्यांदेखत पेला भरून रघूच्या हातात दिला. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, नाक दाबून एका दमात प्यायला. मी वाट पाहत उभा.
तोंड पुसून म्हणाला, “भावोजी, ताप कोनाला आलाय?”
कुणी हसलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं. सासूबाई म्हणाल्या, बोटीवरच्या पोराला वेळेवर काढा दिलात, जावई असावा तर असा. गोदूबाई आपल्या हिवतापासाठी बाटली भरून घेऊन गेल्या. ही बिअर आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात रघूने आपले बिअरचे डबे फोडले. माझ्यापुढे कोकमाचं सरबत आलं. प्यायलो.

१२ मे, सकाळ
उरलेली बिअर सावित्रीने परसात माडाला ओतली. टोप न्हाणीच्या चुलीवर चढवलाय, नावाची बाजू पुढे. पाहुण्याची अंघोळ पहिली. केस पुसत बाहेर आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “भावोजी, टोप मात्र बेस हाय. पानी बिगीबिगी तापतं.”
शेवटी मान्य केलं ना? तेही सगळ्यांसमोर. ॲल्युमिनियमबद्दल मी पहिल्यापासून हेच सांगत होतो.
माझा नंबर शेवटी लागला. पाणी संपलं होतं.