शेजारच्या सीटवरचा पांढरा चौकोन

१४ ऑगस्ट २०२५, ताडकळस
जर्मनीतून दंडाची नोटीस! मे महिन्यात लेकाकडं, सिद्धोधनकडं गेलो होतो, तेव्हा भाड्यानं घेतलेल्या गाडीची. बुद्धपौर्णिमेच्या भाषणाला निघालो होतो. एका खेड्यातून पन्नासऐवजी त्र्याहत्तरच्या वेगानं गेलो म्हणे. सोबत रस्त्यावरच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो — मी स्टिअरिंगवर, तोंड उघडं, एक हात वर. भाषणाची तालीम! शेजारी बायको, केशर बसली होती. तिच्या जागी पांढरा चौकोन.
"गुन्हा गाडी चालवणाऱ्याचा, बाबा. शेजारच्याला झाकतात," सिद्धोधन फोनवर म्हणाला.
ती गेली त्याला उद्या आठ आठवडे.

१५ ऑगस्ट
हरकत लिहिली. चार पानं! रस्त्यावर वेगाचा आकडा नव्हताच. गावाच्या नावाची पिवळी पाटी तेवढी होती. मी ती मोठ्यानं वाचली, नाव जिभेवर बसेना, केशर हसली. मग म्हणाली, "हळू घ्या जरा." मी म्हणालो, "आकडा कुठाय?"
आयुष्यभर सभांतून सांगत आलो — कायदा लिहिलेला पाहिजे. न लिहिलेल्या कायद्यांनीच आपल्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवलं. त्या कार्यालयालाही कळू दे!

२२ ऑगस्ट
दुसरी नोटीस. तोच दिवस, सतरा मिनिटांनी, पुढचं खेडं. मी तसाच बोलतोय. चौकोन तसाच.

२४ ऑगस्ट
सिद्धोधननं हरकत वाचली. फोनवर म्हणाला — "बाबा, तिथं गावाची पाटी हाच कायदा. पाटी दिसली की पन्नास. आकडा वेगळा लिहीत नाहीत."
म्हणजे केशरचं बरोबर होतं! चौथी शिकलेली बाई. गाव आलं की कोंबड्या, लेकरं, म्हातारी माणसं — तिला कळलं. माझ्या चार कपाटं पुस्तकांना कळलं नाही.
भरून टाक, म्हणालो. मग विचारलं, भरल्यावर फोटोचं काय?
"प्रकरण मिटलं की पुसतात."
भरू नकोस, म्हणालो.

२९ ऑगस्ट
मोबाइलमधले जर्मनीचे सगळे फोटो पाहिले. सगळ्यांत मी — व्यासपीठावर, हारात, माइकपुढं. काढणारी ती. एकातही ती नाही.
चौकोनाखाली आहे.

३ सप्टेंबर
केशरची धाकटी बहीण धुरपताबाई भाकरी घेऊन आली. "दाजी, चुकलाव तर भरून टाका की. कशाला भांडायलाव?"
खरं कारण सांगितलं. पदर तोंडाला लावून बसली. मग — "अक्काच्या फोटूसाठी सरकारला तंगवायलाव? लय शहाणे तुमी!" हसली. मीही. जूननंतर पहिल्यांदा.
जाताना दारात थांबली. "डॉक्टर तवा म्हणले, महिन्या-दीड महिन्यापासून छातीत दुखत असंल. अक्का कधीच काय बोलली न्हाई?"
नाही, म्हणालो. एकदाही नाही.

१० सप्टेंबर
पालमचे लोक भाषणाचं निमंत्रण घेऊन आले. नाही म्हटलं. चूक माझी आहे हे माहीत असून भांडतोय. असा माणूस माइकपुढं काय सांगणार?

१७ सप्टेंबर
चौकोन काढून फोटो द्या, असं त्या कार्यालयाला लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. झाकलेला चेहरा पाहायचा असेल तर ज्या व्यक्तीचा तो चेहरा आहे, तिनं स्वतः सहीनिशी अर्ज करावा.

१८ सप्टेंबर
ग्रामपंचायतीतून तिचा मृत्यूचा दाखला आणला. तो जोडून पत्रात दोन्ही चुका कबूल केल्या. दोन्ही दंड भरायला सांगितले. खाली एकच वाक्य — तिची सही आता मिळणार नाही. चार पानं लिहावीशी वाटलीच नाहीत.
आता ते फोटो पाठवतील, नाहीतर पुसतील.

११ ऑक्टोबर
दोन्ही फोटो आले. चौकोन नाही.
तिच्या एका हातात माझ्या भाषणाचे कागद, मला दिसतील असे धरलेले. दुसरा हात छातीवर, दाबून. गावाकडं बघतच नाहीये ती. माझ्याकडं बघते आहे.
सतरा मिनिटांनंतरच्या फोटोतही हात तिथंच. मी बोलतोच आहे.